कोपऱ्यातली चौकट

२ फेब्रुवारी, सोमवार

आलो एकदाच्या! कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं तेव्हा हमालांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही ते मीच जन्माला घातलंय. मी तोंड चालवत राहिले आणि धाकट्या बहिणीने तेवढ्यात पाना आणून त्याची दारं उतरवून दिली. आमच्यात हे असंच चालतं. तोंड माझं, हात तिचे.

खोल्या दोनच, पण काय उजेड आहे! स्वयंपाकघराची एक भिंत अख्खी पांढरी, साधा खिळासुद्धा नाही. धाकटीने ती लगेच बळकावली. तिथे टेबल टाकून चित्रं काढणार म्हणे. खाली किल्ल्या करणाऱ्याचं दुकान आहे, दिवसभर घर्र घर्र. माझं डोकं उठणार हे नक्की, हिला मात्र काही फरक पडत नाही, कारण हिला जन्मापासून ऐकू येत नाही. घरमालकीणबाई काळजीने विचारत होत्या की मी कामावर गेले आणि कोणी दार वाजवलं तर हिला कसं कळणार. धाकटीने बेलला जोडलेला दिवा पेटवून दाखवला आणि वर त्यांना डोळा मारला. बाई गार.

बाजारातून येताना माझ्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या, म्हणून मी मानेनं आणि एका करंगळीनं तिला काहीतरी सांगायला गेले. अर्धवट बोललेलं बाईसाहेबांना खपत नाही. काय म्हणतेस, काय म्हणतेस करत पार माझ्या नाकापाशी येऊन उभी. त्यात तो जाड भिंगांचा चष्मा. दुरून कागद दाखवा, पाटी दाखवा, ही आधी जवळ येणार आणि मग वाचणार. भर रस्त्यात दोघी हसत सुटलो. आई-वडील गेल्यापासून इतकी हसले नव्हते. बरं वाटलं.

४ फेब्रुवारी, बुधवार

कामाचा दुसरा दिवस. रेंडर लावलाय. सगळ्या जोडलेल्या तुकड्यांची एक फिल्म तयार होत असते, पडद्यावर एक पट्टी मुंगीच्या पावलाने भरत जाते आणि तोवर एडिटरने बसून राहायचं. बाकीचे या वेळात सिगारेट ओढतात, मी रोजनिशी लिहिते. फुप्फुसं तरी वाचतात.

इथे कारखान्यांसाठी सुरक्षेच्या फिल्म करतात. यंत्रात हात घालू नका, हे कुणीतरी हात घातल्याशिवाय पटत नाही, असं मालक म्हणतात आणि स्वतःच खो खो हसतात. माळ्यावर रबरी हातांचं खोकं आहे, लाल रंगाचे डबे आहेत. मालक माणूस वाईट नाही, फक्त प्रत्येक काम त्यांच्या मते ‘दोन मिनिटांचं’ असतं. त्यांच्याशिवाय इथे एक कॅमेरावाले काका. बोलायला बसले की थांबत नाहीत, पण कॅमेरा हातात घेतला की एकदम देवमाणूस.

माझं टेबल आणि रेकॉर्डिंगची जागा एकाच खोलीत. खिडकी नाही. जमिनीवर पिवळ्या चिकटपट्टीची फुली आहे, बोलणाऱ्याने तिथे उभं राहायचं. दाराच्या वरच्या अर्ध्या भागात काच, म्हणजे आत शूटिंग चालू आहे हे पॅसेजमधून दिसावं आणि कुणी धाडकन घुसू नये.

काम माझ्या हातचा मळ आहे. पिक्चर-इन-पिक्चर, म्हणजे मोठ्या चित्राच्या कोपऱ्यात छोटं चित्र. खालच्या ट्रॅकवर यंत्र, वरच्या ट्रॅकवर माहिती सांगणारा माणूस. माणसाला लहान करायचं, कोपऱ्यात सरकवायचं, आजूबाजूचं नको ते क्रॉप करायचं, कडेनं बॉर्डर द्यायची. आधीच्या नोकरीत नवशिक्यांना मी सांगायचे की घाबरू नका, क्रॉप केलेलं कुठे जात नाही, नुसतं दिसेनासं होतं.

माझ्या आधीच्या एडिटरने ‘कोपरा’ नावाचा प्रीसेट, म्हणजे तयार साचा, करून ठेवलाय. कुठलीही क्लिप त्याच्यावर टाकली की चौकट तयार, तीही लालभडक बॉर्डरसकट. मी ती बदलून पांढरी केली. फाईल बंद करून उघडली, पुन्हा लाल. काकांना विचारलं तर ते म्हणाले की तो फार टापटिपीचा होता, स्वतःलाच त्या फुलीवर बसवून त्याने तो प्रीसेट जमवला, आणि त्याच दिवशी इथेच वरच्या दिव्याची काच पडून गेला. कुठे लागली म्हणून विचारलं, तर काका म्हणाले, कुठे लागली नाही ते विचार. नंतर बराच वेळ ते लेन्स पुसत बसले.

मी वर पाहिलं. दिव्याला आता जाळी लावली आहे. चला, पट्टी भरली.

९ फेब्रुवारी, सोमवार

पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या मोठ्या प्रेसची फिल्म. काका गेल्या आठवड्यात कारखान्यात जाऊन फोरमनला त्याच्या प्रेसपाशी उभं करून शूट करून आले. फोरमन म्हणजे भारदस्त मिशीवाला, कॅमेऱ्यासमोर लाजणारा माणूस. दर वाक्यानंतर बरोबर आहे ना म्हणून काकांकडे बघतो. ती सगळी ‘बरोबर आहे ना’ काढता काढता माझी पुरेवाट झाली, पण माणूस आवडला.

त्याच्या डाव्या बाजूला एक घाणेरडी बादली दिसत होती. मी सरळ क्रॉप आत ओढला. बादली गेली. सोबत त्याचा डावा कान आणि खांद्याची कड गेली, पण छोट्या चौकटीत कोण बघतंय! रेंडर लावला आणि चहा प्यायला गेले.

परत आले तर काका फोनवर, चेहरा पांढराफटक. फोरमन प्रेसपाशी उभा होता. पत्र्याच्या गुंडाळीची पोलादी पट्टी सटकन तुटली आणि त्याचा कान, गाल आणि खांदा उतरवून गेली. जिवंत आहे. काका संध्याकाळी बघून आले. पट्टी लावून ब्लेडने कापावा इतका सरळ काप, असं त्यांनी दोनदा सांगितलं. खांद्याचा तुकडा जमिनीवर शर्टाच्या बाहीसकट पडला होता.

 ती फिल्म पुन्हा बघवेना. मालक हळहळले, मग म्हणाले की आता ही फिल्म किती गरजेची आहे ते कारखान्याला पटेल. मी फाईल बंद केली आणि घरी निघाले.

१० फेब्रुवारी, मंगळवार

फोरमनच्या अपघाताचा राग मी घरी काढला. धाकटीने चित्रांचे कागद ओट्यावर पसरले होते, त्यावर मी चहाचं भांडं आपटलं. ती चिडून हात नाचवत भांडायला लागली आणि मी तिच्याकडे पाठ फिरवली.

हे करायचं नसतं. दुसऱ्या कुणाकडे पाठ फिरवली तर तो मागून ओरडून तरी बोलू शकतो. तिच्याकडे पाठ फिरवली की तिचं तोंडच बंद केल्यासारखं होतं. लहानपणापासून तिला सगळ्यात जास्त लागतं ते हेच. पाय आपटत गच्चीवर गेली ती मी कामावरून परत आले तरी खाली आली नव्हती. शेवटी मीच गेले आणि दोन्ही कान धरून उभी राहिले.

तिने हातांनी सांगितलं की आता आपण मोठ्या झालो, रुसून जाणं बास झालं. यापुढे तू पाठ फिरवलीस तर मी जाणार नाही, सरळ वळसा घालून तुझ्या समोर येऊन उभी राहीन, बघू किती वेळा वळतेस. मी म्हटलं, म्हणजे दोघी भोवऱ्यासारख्या फिरत राहू. हसली बया. कानाला खडा लावला, पुन्हा असं करणार नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

नवं काम आलं. एका कारखान्यात ऐकू न येणारे कामगार आहेत, त्यांच्यासाठी सगळ्या फिल्म खुणांच्या भाषेत हव्यात. कोपऱ्यातल्या चौकटीत आता दुभाषीताई. काय बाई आहे! उंच, हसरी, आणि बोटं अशी चालतात की डोळे हटू नयेत. मी धाकटीला मुद्दाम स्टुडिओत आणलं. दोघी तासभर गप्पा मारत होत्या आणि मी, घरातली बडबडी, मध्ये बावळटासारखी उभी. मालकांनी धाकटीची चौकशी केली. हिचा चेहरा कॅमेऱ्याला छान दिसेल म्हणाले. धाकटी कानापर्यंत लाल झाली.

जाताना दुभाषीताईंनी मला बजावलं की चौकट कितीही लहान करा, पण माझे हात तिच्या बाहेर जाऊ देऊ नका. हात गेले की मी मुकी. मी म्हटलं, ताई, माझ्या घरातच हे शिकलेय मी.

१६ फेब्रुवारी, सोमवार

तोंड तीनदा धुतलं. आता लिहिते. लिहिलं नाही तर वेड लागेल.

मालकांना यंत्र जास्त दिसायला हवं होतं. चौकट अजून लहान कर म्हणाले, कच्चीच तर पाठवायचीय, दोन मिनिटांचं काम. मी क्रॉप वर ओढला. दुभाषीताईंचे हात मनगटापासून चौकटीच्या बाहेर गेले. मला दिसत होतं. कच्चंच आहे, उद्या नीट करू म्हणत मी रेंडर लावला. त्या माझ्यापासून चार पावलांवर पिवळ्या फुलीवर उभ्या राहून पुढच्या भागाची तालीम करत होत्या. ‘हात यंत्राच्या बाहेर ठेवा’ हे वाक्य चाललं होतं.

आणि हात पडले.

आवाज असा नाहीच. दोन्ही हात मनगटापासून सुटून पायाशी पडले, ओली फडकी पडावीत तसे. त्यांनी खाली पाहिलं. नंतर रक्त उसळलं ते पांढऱ्या पडद्यावर, कॅमेऱ्यावर, माझ्या तोंडावर. आणि त्या ओरडत नव्हत्या. त्या मला खुणा करायला बघत होत्या. त्या मनगटांनी.

काकांनी वायर आवळून बांधली. मी हात उचलले. गरम होते.

दवाखान्यात सांगितलं, दिव्याची काच. पण दिव्याला जाळी आहे आणि काच शाबूत आहे. मी सगळ्यांना ओरडून सांगितलं. कुणी वर बघितलंसुद्धा नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

दिवसभर दवाखान्यात होते. दुभाषीताईंची भूल उतरली की तोंडाने एक शब्द बोलत नाहीत, नुसते दंड हलवतात. त्यांच्या नवऱ्याला खुणा येत नाहीत, तो माझ्याकडे बघतो, काय म्हणतेय विचारतो.  हात नाहीत तर शब्द नाहीत. बाहेर येऊन जिन्यात बसून रडले.

मग स्टुडिओत येऊन ती फिल्म उघडली. चौकट कोपऱ्यात. लाल बॉर्डर आधी दोऱ्याएवढी होती, आता बोटभर जाड झालीये. बॉर्डर मनगटावरून गेलीये, बरोबर जिथे कापलं तिथून. मग फोरमनची फिल्म उघडली. कान. खांदा. तीच रेघ.

मला कळायचं ते कळलं. कुणाला सांगू? वेडी म्हणतील.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज खात्री केली.

काका बाहेर होते. फुलीवर स्टूल ठेवलं, कॅमेरा लावून स्वतःला पाठमोरी शूट केलं, वेणी मोकळी सोडून. क्लिप ‘कोपरा’वर टाकली. क्रॉप असा की फक्त वेणीचं टोक बाहेर जाईल. रेंडर लावून पुन्हा स्टुलावर बसले.

मानेला झटका बसला. मागे हात नेला. वेणी टोकाशी सरळ, गवत कापावं तशी. टोक खाली, रिबनसकट.

मग रिकामं स्टूल शूट केलं, तेच लावलं आणि पुन्हा स्टुलावर बसले. वाटलं, चौकटीत कोणीच नाही तर कापणार काय? रेंडर झाल्यावर बघते तर चौकटीत मी. जुनी क्लिप ते कुठून तरी शोधून घेऊन आलं होतं. वेणी आणखी वीतभर गेली. म्हणजे त्या चौकटीला माणूस लागतो. जिवंत माणूस.

प्रीसेट डिलीट केला. परत आला. पुन्हा केला. पुन्हा आला. त्या मेलेल्या माणसाने स्वतःला त्यात बसवलं आणि अजून उठलाच नाही, असं वाटतंय.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

मालकांना सगळं सांगितलं. वेणी दाखवली. ते आधी हसले, मग समजूत घालायला लागले की तू रजा घे. आणि वर म्हणाले, काळजी करू नकोस, दुभाषीची सोय झालीये.

बुधवारी मी दवाखान्यात असताना हा माणूस कॅमेरा घेऊन माझ्या घरी गेला होता. धाकटीला स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या भिंतीपाशी उभं करून शूट करून आला. तिने मला सांगितलं नाही. तिला मला चकित करायचं होतं! घरी जाऊन विचारलं तर नाचायलाच लागली. मलाही आता काम आहे, मीही आता कुणाला तरी उपयोगी आहे. तिला घाबरवायचं माझ्याने झालं नाही.

परत स्टुडिओत आले तर मालकांनी स्वतःच तिची क्लिप ‘कोपरा’वर टाकलीये. फिल्मच्या सुरुवातीला नुसता हसरा चेहरा हवा म्हणे. लाल रेघ तिच्या हनुवटीच्या खालून गेलीये.

हनुवटीच्या खालून.

मी ओरडले, शिव्या घातल्या, टेबलावरचं सगळं खाली लोटलं. त्यांनी कॉम्प्युटरला पासवर्ड घातला. आणि मला धडा शिकवायला म्हणून केबिनमध्ये स्वतःच्या खुर्चीत बसून स्वतःलाच शूट केलं. चौकट गोल केली, हल्ली गोलच चालते म्हणाले. उद्या आधी माझी फिल्म लागेल, तिच्यामागे रांगेत तुझ्या बहिणीची. मला काही झालं नाही की गप कामाला लाग.

२१ फेब्रुवारी, शनिवार

मालक गेले.

केबिनमध्ये, खुर्चीतच. चेहरा नाही. कपाळापासून हनुवटीपर्यंत वर्तुळ, वाटी दाबून कापल्यासारखं, आणि त्या वर्तुळाच्या बाहेरचं सगळं, कान, केस, मान, खाली, भिंतीवर, फाईलींवर. वर्तुळ टेबलावर पडलंय. मिशी आहे. डोळे उघडे आहेत.

काका पॅसेजमध्ये ओकले आणि पोलिसांना आणायला खाली धावले. आज सुट्टी, इमारतीत दुसरं कुणी नाही.

मालकांचा रेंडर अजून चालू आहे. त्याच्या खाली रांगेत धाकटीची फाईल. थांबवायचं बटण दाबलं, काही नाही. पासवर्ड मालकांच्या डोक्यात. प्लग ओढून काढला. पडदा तसाच चालू, पट्टी तशीच पुढे.

धाकटीला मेसेज केला. मी सगळं ठीक करते, तू अजिबात घाबरू नकोस, जेवून घे.

त्याच दिवशी, नंतर

एक युक्ती आहे. एडिटरचीच. सॉफ्टवेअर क्लिप स्वतःत ठेवत नाही, फोल्डरमधून नावाने उचलतं. त्याच जागी त्याच नावाची दुसरी फाईल ठेवली की मुकाट्याने ती उचलतं. फोल्डरला पासवर्ड नाही. रिकामं काही ठेवलं तर जुनं शोधून आणेल. माणूस हवा.

काकांची एक क्लिप आहे फोल्डरमध्ये. मनात आलं. खोटं कशाला लिहू. पण नाही.

मीच.

पण मी काय मूर्ख नाही. चौकट किती मोठी आहे ते मला माहीत आहे. कॅमेरा पार पलीकडच्या भिंतीला, कपाटाच्या वर नेला. तिथून अख्खी खोली येते. मधोमध टेबलाशी मी, एवढीशी. धाकटीचा नुसता चेहरा मावला त्या चौकटीत मी पायाच्या नखासकट मावते. चारही बाजूंना हवाच हवा. काप म्हणावं, हवा काप.

शूट केलं. तिच्या नावाने सेव्ह केलं. तिची क्लिप पुसली. मालकांची पट्टी भरली. पुढची सुरू झाली आणि चौकटीत मी आहे! धाकटी नाही, मी आहे!

सुटली. माझी पोर सुटली. हुंदकाच आला.

मी टेबलाशी अशीच बसून राहते. पट्टी भरेपर्यंत हलायचं नाही बस्स.

पुन्हा

जमिनीवर लाल रेघ उमटलीये. दारापासून वीतभर आत. भिंतीवर चढलीये, छतावर, पलीकडच्या भिंतीवरून खाली. खोलीतच चौकट उभी आहे. मी तिच्या आत.

पेनाचं टोपण घरंगळत गेलं. रेघेवर दोन तुकडे झाले.

जिथे शूट केलं तिथेच. फोरमन प्रेसपाशी. दुभाषीताई फुलीवर. मी स्टुलावर. मालक खुर्चीत. त्या वेळी त्या जागी—

म्हणजे धाकटीला नुसतं स्वयंपाकघरातून बाहेर बोलावलं असतं तर— एवढंच? एवढंच करायचं होतं?

फोनचा दिवा लागला. तिचा मेसेज. तू घाबरू नकोस लिहिलंस म्हणजे नक्की काहीतरी झालंय. डबा घेऊन येतेय. इमारतीखाली आलेय. ‘येऊ नको’ लिहायच्या आत फोनची बॅटरी संपली.

दाराला आतून कडी लावायला हवी. हात गेला तर गेला, लांब करून कडीपर्यंत—

डाव्या हाताने

उजवा गेला. कोपराच्या खाली. रेघेपलीकडे पडलाय, बोटं हलतायत. वायर आवळलीये दातांनी. कडी नाही लागली.

अक्षर येत नाही. पट्टी अर्धी झालीये. भरली की रेघ जाईल. जाईल ना.

लिफ्टचा आवाज.

ती आली. पॅसेजच्या टोकाला. काचेतून दिसतेय. डबा छातीशी—

ओरडले. घसा फुटेस्तोवर. कुणाला ओरडतेय मी, तिला ऐकू—

परत जा. दोन हातांची खूण आहे ती. एका हाताने अर्धवट झाली. ती हसली. काय म्हणतेस, काय म्हणतेस— भरभर चालायला लागली—

कागदावर लिहून दाखवू? वाचायला जवळ येईल.

रक्त दिसलं तर धावत येईल. टेबलाची कड आहे मध्ये, तिला अजून नाही दिसलं. हात स्वेटरमध्ये लपवला.

पट्टी अजून थोडी. थोडीच—

एका गोष्टीनेच ती मागे फिरते. दुसरं काही नाही माझ्याजवळ. कानाला खडा लावला होता, माफ कर गं—

पाठ फिरवली.

रुस. पाय आपट. डबा आपट आणि निघून जा. जन्मभर बोलू नकोस माझ्याशी—

पावलं थांबली.

थांबली! जा गं राणी. जा. जा—

पावलं

दाराकडे, रेघेकडे. गच्चीवर काय म्हणाली होती— देवा, यापुढे पाठ फिरवलीस तर वळसा घालून समोर येऊन— दार कुरकुरलं—

कडी